मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना या चुका टाळा

मोठी संख्या समोर आली की मुलं आधी यंत्र उघडतात आणि संख्या मागाहून बघतात. बहुतेक चुका तिथेच सुरू होतात.

मला सर्वांत खटकणारी चूक म्हणजे पंधराहून जास्त अंकांची संख्या एक्सेलमध्ये टाकणं. एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं, तेही न सांगता. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की २१ अंक येतात: १४७ ५७३ ९५२ ५८९ ६७६ ४१२ ९२७. माझ्या एका विद्यार्थ्याला एक्सेलमध्ये शेवटी सहा शून्यं दिसली. 'दहा लाखाने निःशेष भाग जातो' असं लिहून त्याने पानभर अवयव पाडले. अरे, दोनाच्या घातातून एक वजा केलाय, संख्या विषमच असणार! एवढा विचार उत्तर लिहिण्याआधी व्हायलाच हवा. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ साली हीच संख्या मूळ (१ आणि स्वतःशिवाय दुसरा विभाजक नसलेली) म्हणून आपल्या यादीत घातली होती. ल्युका या गणितज्ञाने १८७६ मध्ये ती संयुक्त, म्हणजे मूळ नसलेली, ठरवली, आणि १९०३ मध्ये कोल या गणितज्ञाने अवयव दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

मी अशा संख्या पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच घेतो, तिथे पूर्णांकाचे अंक कापले जात नाहीत. भागाकाराला मात्र दोन तिरक्या रेघा (//) वापरा. एकच दिलीत तर उत्तर दशांशात जातं आणि पुन्हा अंक गळू शकतात. त्याआधी कागदावर शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज लिहायची. इथे बेरीज १०९, म्हणजे ३ आणि ९ बाद. शेजारचे दोन अंक उलटे उतरवले गेले तर ही बेरीज बदलत नाही, म्हणून ११ ची कसोटीही (एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांतला फरक) लावतो. तिच्यात ती चूक सापडते.

दुसरी चूक घाईची. ७, ११, १३ ने भाग गेला नाही की 'मूळ संख्या' असा शिक्का. २×३×५×७×११×१३ मध्ये १ मिळवा: ३००३१. मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता अर्धवट वाचलेले हिला हमखास मूळ म्हणतात. युक्लिड एवढंच सांगतो की तिचा मूळ अवयव या सहांपैकी नसेल. ३००३१ = ५९ × ५०९. वर्गमूळ १७३ च्या जरा पुढे, म्हणजे १७३ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या तपासावी लागते. कंटाळा आला म्हणून ३१ वर थांबलात तर उत्तर चुकलंच.

४ आणि ६ ने भाग जातो म्हणून २४ ने जाईलच असं नाही. ३६ घेऊन बघा.

१ ला मूळ संख्या धरू नका.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवून मगच गुणा. ७२०७२० = २⁴×३²×५×७×११×१३, म्हणून ५×३×२×२×२×२ = २४० विभाजक. नुसते घातांक गुणणाऱ्यांना ८ मिळतात, आणि १ ते १६ मधल्या प्रत्येक संख्येने भाग जाणाऱ्या या संख्येला आठच विभाजक कसे, हे कोणी विचारत नाही.