पाणथळीवर पक्षी पाहताना ऊन पाठीशी ठेवा
सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील मायणी किंवा येरळवाडीच्या तलावाकाठी हिवाळ्यात निसर्गमंडळासोबत पक्षी पाहायला जाणार असाल, तर सकाळी पूर्वेकडच्या काठाने चालावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते आणि समोरच्या पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. पश्चिमेच्या काठावरून त्याच वेळी पाहिल्यास चक्रवाक बदकाचा नारिंगी-तपकिरी रंगसुद्धा काळपट दिसतो. बांधाच्या माथ्यावर रांगेने उभे राहिल्यास आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसांच्या आकृत्या उठून दिसतात व थवे दूर सरकतात. त्यामुळे उताराच्या आडोशाने, थांबत थांबत पुढे जावे. दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची पुरते. त्याहून जास्त क्षमतेची दुर्बीण हातात थरथरते आणि नवख्याचा उत्साह मावळतो, असे माझे मत आहे.

चिखलातील लहान पक्षी केवळ रंगावरून ओळखू नयेत. शेकाट्याचे लांबलचक गुलाबी पाय लगेच ओळखू येतात, पण तुतारी हा छोटा पक्षी ओळखायचा तो त्याच्या सवयीवरून: काठाने टिपत फिरताना तो शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत असतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले तरी छायाचित्रासाठी पाण्यात उतरू नये, कारण विचलित झालेला थवा खाणे सोडून उडतो.