खंडानंतर उडताना: आधी शेवटचं वळण घासून घ्या

चार महिन्यांच्या खंडानंतर मी सेसना 172 हे छोटं विमान घेऊन एकटीच सर्किटला, म्हणजे रनवेभोवतीच्या चौकोनी फेरीला, गेले होते. बेसवर, म्हणजे रनवेकडे शेवटचं वळण घेण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर, वारा पाठीमागून होता, रनवेची रेष हुकली आणि माझा डावा पाय आपसूक रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पेडल) दाबला गेला. नाक वळलं, बॉल (वळताना विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी गोळी) उजवीकडे पळाला. बँक, म्हणजे विमानाचं कलणं, वाढू नये म्हणून हात उलट्या एलेरॉनवर (पंख उचलणारा-झुकवणारा पट्टा) गेला होता आणि योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, मागे खेचलेलं होतं. उंची जेमतेम पाचशे फूट. हे विद्यार्थ्यांना 'करू नका' म्हणून सांगणारी मीच. लँडिंग सोडलं, थ्रॉटल पूर्ण दिला, वर गेले.

बऱ्याच देशांत प्रवासी घेऊन उडायला 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात. ती तीन वारा नसलेल्या सकाळी उरकली तर लॉगबुक खूश होतं, पायांना काहीच कळत नाही.

म्हणून पहिला तास इन्स्ट्रक्टरसोबत आणि वरच काढा. जमिनीपासून तीन हजार फुटांवर जा, दोन्हीकडे वळून आसपास कोणी नाही ना ते बघा. खालचा एखादा सरळ रस्ता म्हणजे तुमचा रनवे. पॉवर कमी, पहिला फ्लॅप (पंखामागचा खाली येणारा पट्टा), वेग 70 नॉट, आणि बेसवरून मुद्दाम उशिरा वळा म्हणजे रेष हुकेल. आता स्वतःच्या पायाकडे लक्ष द्या. नाक आत ढकलण्याचा मोह होतो का? तीस अंशांच्या पुढे बँक न नेता, बॉल मध्ये ठेवून वळण पुरं करा. रस्ता हुकला तर हुकू द्या.

स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, वेग ठरलेला नसतो, हे इथे हाताला कळलं पाहिजे. उंची टिकवून तीस अंशांत वळलात तर तो साधारण 7 टक्के वाढतो, पंचेचाळीसला 19, साठला 41. म्हणजे सरळ उडताना 48 नॉटला स्टॉल होणारं विमान साठ अंशांत 68 ला पडेल, आणि अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, आपण असतो साधारण तिथंच. त्यात बॉल बाहेर असेल तर आतला पंख आधी पडतो आणि स्पिन, म्हणजे गरगरत खाली पडणं, सुरू होतो. पाचशे फुटांवरून तो सावरायला जागा नसते.

मग वळणातला स्टॉल करा, बॉल मध्ये ठेवूनच. स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न वाजला, विमान थरथरलं की आधी योक पुढे, मग पंख सरळ, मग पॉवर. बहुतेक जण आधी एलेरॉननं पंख उचलायला जातात. ही सवय इन्स्ट्रक्टरनं पकडायची. मुद्दाम तिरक्या नाकानं स्टॉल करणं मात्र स्पिनला मान्यता असलेलं विमान आणि ते शिकवणारा माणूस, दोन्ही असल्याशिवाय नको.

प्रत्येक वेळी किती फूट उंची गेली ते गुडघ्यावरच्या पॅडवर लिहा. माझा पहिला आकडा लाजिरवाणा होता, अजून पॅडवर आहे.

खाली आल्यावर तीन गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं: एक बेसवरून, एक फायनलवरून (रनवेच्या सरळ रेषेत आल्यावर), एक चाकं टेकायच्या बेतात असताना. पूर्ण थ्रॉटल, उजवा रडर, पूर्ण फ्लॅप असतील तर लगेच वीस अंशांवर आणि उरलेले वेग आल्यावर. तिसऱ्याला नाक जोरात वर जातं, ट्रिम (योकवरचा दाब कमी करणारी जुळणी) अप्रोचचं असतं ना, तेव्हा योक पुढे रेटून धरावा लागतो.