रेशमावर बगळा रंगवताना : जपानी काचोगा चित्राची पद्धत

पक्षी-फुलांचे जपानी चित्र, म्हणजे काचोगा, रेशमावर काढायचे असेल तर कापडाच्या मागच्या बाजूचा विचार पुढच्या बाजूइतकाच करावा लागतो. रेशमाची वीण विरळ असल्यामुळे मागून लावलेला रंग समोरून मऊ आणि खोल दिसतो; या कामाला उराझाइशिकी म्हणतात. इतो जाकुचू (१७१६–१८००) या जपानी चित्रकाराच्या ‘दोशोकु साइ-ए’ या ३० चित्रांच्या मालिकेत पांढऱ्या फिनिक्सच्या पिसांवर जी सोनेरी झाक दिसते, ती सोन्याची नसून मागून लावलेल्या पिवडीची आहे, हे जीर्णोद्धाराच्या वेळच्या तपासणीत आढळले.

सुरुवातीला कमळ आणि पांढरा बगळा हा विषय घ्यावा. लाकडी चौकटीच्या कडांना गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून रेशीम ताणून चिकटवावे आणि उभे-आडवे धागे तिरके होऊ देऊ नयेत. खळ वाळली की दोसा, म्हणजे थोडी तुरटी घातलेले सरसाचे पातळ पाणी, रुंद कुंचल्याने एकसारखे फिरवावे. त्याने शाई फुटत नाही. सरस आधी भिजवून मंद आचेवर विरघळवावा, पण उकळू देऊ नये, कारण उकळल्यास त्याचा चिकटपणा कमी होतो. तुरटीही बेतानेच घालावी, नाहीतर कालांतराने रेशीम कमकुवत होते. दमट दिवशी हे काम काढूच नये.

कच्चे रेखाटन रेशमाखाली ठेवले की ते वरून स्पष्ट दिसते. त्यावरून सुमी, म्हणजे काळ्या जपानी शाईने बारीक रेषा काढून घ्याव्यात.

सगळ्यात वेळखाऊ आहे तो पांढरा रंग. शिंपल्यांची पूड, म्हणजे गोफुन, खलात अगदी मऊ होईपर्यंत घोटावी, त्यात थोडाथोडा सरस घालून कणकेसारखा गोळा मळावा, तो बशीवर पुन्हा पुन्हा आपटावा आणि मगच कोमट पाण्याने सैल करावा. येथे घाई केली तर वाळल्यावर रंगाचे पापुद्रे निघतात. ओला गोफुन जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर उजळतो. त्यामुळे नवशिका हमखास जास्त लावतो.

चौकट उलटी करून बगळ्याच्या अंगावर मागून गोफुनचा सपाट, पातळ थर द्यावा. तो वाळल्यावर पुढून बारीक कुंचल्याने केवळ पिसांच्या कडा आणि मानेवरचे तुरे ओढावेत. पानांसाठी रोकुशो, म्हणजे मॅलाकाइटची पूड वापरावी. तिचे कण जाड असतील तर हिरवा रंग गडद येतो, बारीक असतील तर फिका. ती सरसात बोटानेच कालवावी आणि तळाशी बसते म्हणून मधूनमधून ढवळत राहावी.

कागदाचे अस्तर लावून गुंडाळपट तयार करण्याचे काम ह्योगुशी या कारागिराकडे द्यावे. अस्तराच्या रंगानेही चित्राची छटा बदलते, म्हणून तो आधीच ठरवावा. अस्तर लागले की मागची बाजू बंद होते; तेव्हा चित्र देण्यापूर्वी चौकट उजेडासमोर धरून गोफुनच्या थरात राहिलेल्या फटी मागूनच भरून घ्याव्यात.