‘चांगलं आहे सगळं’च्या पुढचं ऐकायचं तर

‘दवाखान्यात कसं वाटलं?’ हा प्रश्न वहीत लिहिला असेल तर आधी तो खोडा. मी तो दोन महिने विचारला आणि दोन महिने एकच उत्तर घरी आणलं: ‘चांगलं आहे सगळं.’

रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांना उपचार घेताना काय अनुभव येतात, यावरच्या संशोधनासाठी मुलाखती घ्यायचं काम मी चौदा वर्षं करतेय. राहते लालबागला, काम बहुतेक परळ, शीव, भायखळा. समाजकार्याची, नर्सिंगची नवी मुलं-मुली येतात, त्यांना जे चहा पिताना सांगते तेच इथे लिहिते.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका पालिका रुग्णालयात वॉर्डात स्टूल घेऊन एका मालवणी काकूंशेजारी बसले. रेकॉर्डर उशीवर. दोन पावलांवर सिस्टर ट्रॉलीवर इंजेक्शनं मोजत होत्या. काकू म्हणाल्या, डॉक्टर देवमाणूस, सिस्टर मायाळू, मामा-मावशी सगळे चांगले. मी खूश. पंधरा दिवसांनी त्या हिंदमाताच्या बस स्टॉपवर भेटल्या. म्हणाल्या, ‘बाय माझे, त्या दिवशी सकाळपासून माका लघवीक जावचा होता. भांडा कोण देई ना. आणि तू आपली प्रश्न इचारत बसलंस.’

अर्ध्या तासाच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

तेव्हापासून वॉर्डात मुलाखत नाही. वॉर्डात फक्त ओळख करून घ्यायची, फोन नंबर घ्यायचा, आणि माणूस घरी गेल्यावर भेटायचं. शक्यतो डिस्चार्जनंतर दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे अंगात थोडी ताकद आलेली असते आणि गोष्ट अजून ताजी असते.

दुसरं म्हणजे मत विचारायचं नाही, घडलं काय ते विचारायचं. अमेरिकेत हार्वी पिकर या उद्योजकांच्या पुढाकारानं 1980च्या दशकात रुग्णांचे अनुभव जाणून घ्यायचं जे काम सुरू झालं त्याचा गाभा हाच आहे. ‘माहितीबद्दल समाधानी आहात का?’ असं न विचारता ‘घरी गेल्यावर कोणत्या धोक्याच्या खुणांकडे लक्ष ठेवायचं, हे निघताना कुणी सांगितलं का?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला माणूस भिडेनं उत्तर देतो. दुसऱ्याला आठवून द्यावं लागतं. आपल्याकडे 2016पासून केंद्र सरकारचं ‘मेरा अस्पताल’ आहे, एसएमएसवर किंवा फोनवर अभिप्राय घेतात. त्याचा उपयोग आहेच, कुठे दुखतंय ते कळतं. पण का दुखतंय ते ऐकायला कुणीतरी जाऊन बसावंच लागतं.

परवानगीचं थोडक्यात सांगते. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय एकही मुलाखत नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017ची मार्गदर्शक तत्त्वं आधी नीट वाचा. संमतीपत्रक मराठीत आणि हिंदीत हवं, आणि ते कुणाच्या तरी आईला मोठ्यानं वाचून दाखवून बघा, समजतंय का. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना एक त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो वॉर्डबॉय नसावा. ‘नाही म्हणालात तरी तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही’ हे वाक्य कागदावर असतंच, पण डोळ्यांत बघून वेगळं सांगा. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तुमची ओळख करून द्यायला लावू नका. डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर नाही म्हणायची हिंमत आपल्याकडे कुणात आहे? रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा झाला तर तेवढे पैसे द्या, जायचं-यायचं भाडं द्या, आणि ते समितीकडच्या अर्जातच लिहून मंजूर करून घ्या.

माणसं निवडताना आकड्याच्या मागे लागू नका, तऱ्हा बघा. ऑक्सफर्डमध्ये ॲन मॅकफर्सन या डॉक्टरबाईंना स्तनाचा कर्करोग झाला, अँड्र्यू हर्क्सहायमर या औषधशास्त्रज्ञांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि दोघांच्या लक्षात आलं की आजाराबद्दल इतकं माहीत असून आपल्यासारखं आजारी पडलेल्या दुसऱ्याचं काय झालं हे कुठेच सापडत नाही. त्यातून 2001 साली रुग्णांच्या कहाण्यांचा संग्रह लोकांसाठी खुला झाला. एका आजारासाठी साधारण 35 ते 50 माणसं, पण ती शक्य तितकी एकमेकांपेक्षा वेगळी. मुंबईत ‘वेगळी’ म्हणजे कोण? कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून ओपीडीच्या लाईनीत उभा राहणारा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणारं बिहारचं कुटुंब. केशरी कार्ड असलेला, आणि कार्ड गावी राहिलेला. डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, निघून गेलेला. हा शेवटचा माणूस शोधायला सगळ्यात अवघड आणि सांगायला त्याच्याकडेच सगळ्यात जास्त. ‘बारा मुलाखतींनंतर नवे मुद्दे निघत नाहीत’ असं मुलं मला ऐकवतात. तो आकडा 2006च्या एका अभ्यासातला आहे, घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या 60 मुलाखतींवरचा. त्या अभ्यासातल्या बायका बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या. आपल्या एका जनरल वॉर्डात तेवढा सारखेपणा मिळायचा नाही.

घरी जाताना वेळ नीट साधा. चाळीत पाणी यायच्या वेळेला गेलात तर मुलाखत बादलीत गेली. दुपारी तीन ते साडेचार बरं: जेवणं आटपलेली, मुलं शाळेत किंवा क्लासला, कुकरची शिट्टी नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एकांत मागायचा कसा? मागायचा नाही. ‘काकू, गॅलरीत बसूया का, इथे वारा नाही’ म्हणायचं. सासूबाई तरीही येऊन बसल्या तर आधी त्यांच्याशीच बोला, मनापासून, वीस मिनिटं. त्यांचं झालं की त्या आपणहून चहा टाकायला उठतात.

आता सुरुवात. माझा पहिला प्रश्न गेली कित्येक वर्षं एकच आहे: ‘मला काहीच माहीत नाही असं समजा. पहिल्यांदा काय झालं तिथून सांगा.’ मग गप्प बसायचं. ‘मग?’ आणि ‘तेव्हा बरोबर कोण होतं?’ एवढ्यावर एक तास निघतो. माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायची खोड मोडायला मला दोन वर्षं लागली.

अडकलं तर पिशवी मागा. प्रत्येक घरात ती असते: साडीच्या दुकानाची किंवा मेडिकलवाल्याची प्लास्टिकची पिशवी, आत केस पेपर, सोनोग्राफीचे रिपोर्ट, बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, रक्तपेढीची पावती, कधी वॉर्डाचा पास. एकेक कागद हातात घेऊन विचारायचं, ‘हा कुठे मिळाला?’ काळाचौकीच्या एका दादांना आईच्या आजारपणाचं काहीच आठवत नव्हतं, ‘झालं ते झालं’ म्हणत होते. पिशवीतून एका रात्रीच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या, तिन्हींवर तेच इंजेक्शन. पहिल्यांदा आणलेलं वॉर्डात कुठे ठेवलं ते सापडेना म्हणून दुसरं, दुसरं फुटलं म्हणून तिसरं. रात्री एक, तीन, साडेचार. लिफ्ट बंद. ते सांगताना त्यांनी नकळत स्वतःचे गुडघे चोळले.

तिथे मला कळलं की एकाच मजल्यावर दोन रुग्णालयं असतात. रुग्णाचं रुग्णालय म्हणजे छत, पंखा आणि शेजारची खाट. नातेवाइकाचं रुग्णालय म्हणजे जिना, खिडक्या, लाईनी आणि ‘आता पास संपलाय, खाली जा’. त्यामुळे दोघांशी वेगवेगळं बोला. नातेवाइकाला विचारा: झोपलात कुठे, आंघोळ कुठे केलीत, जेवण कोण आणायचं, कामावर काय सांगितलंत. संडासाबद्दल स्पष्ट विचारा. रात्री पाणी प्यायचंच नाही, असं ठरवून खाटेखाली चादर टाकून राहिलेल्या कितीतरी बायका मला भेटल्या, आणि छापील प्रश्नावलीत त्याला रकानाच नव्हता.

एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. माझ्या हातून हे एकदा झालं. नवऱ्याची मुलाखत चालली होती, खर्चाचा विषय निघाला, आणि मी बोलून गेले, ‘पाटल्या गहाण ठेवल्या तेव्हाच ना?’ त्यांना पाटल्यांचं माहीत नव्हतं. बायको दारात उभी होती. ती मुलाखत मी अभ्यासातून काढली. त्या घरी पुन्हा जायचं धैर्य मला सहा महिने झालं नाही. आता एकाच घरातल्या दोन मुलाखती मी एका दिवशी ठेवत नाही, आणि दुसरीला जाताना पहिलीची वही घरी असते.

यापेक्षा मोठी पंचाईत आजाराच्या नावाची. ‘त्यांना सांगितलेलं नाही हं’ असं मुलगा दारातच कुजबुजतो. म्हणून आजाराचं नाव तुम्ही आधी कधीच उच्चारायचं नाही. तुमच्या फाईलवर कर्करोग लिहिलेलं असू दे. ते ‘गाठ’ म्हणाले तर गाठ, ‘ते पोटाचं’ म्हणाले तर ते पोटाचं. रेडिएशनला ‘शेक’ म्हणाले तर शेक. बऱ्याचदा रुग्णाला सगळं ठाऊक असतं आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून तो माहीत नसल्यासारखं करतो. तो खेळ मोडायचा अधिकार आपला नाही.

आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञांनी 1978मध्ये सुचवलेले काही प्रश्न मी मराठीत घोळवून घेतलेत: तुमच्या मते हे कशानं झालं? आत्ताच का झालं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उत्तर ‘नजर लागली’ किंवा ‘गावदेवीचं राहिलं होतं’ असं आलं तर भुवई वर जाऊ देऊ नका. त्याच वाक्याच्या पोटात औषध मध्येच का सोडलं याचं कारण असू शकतं.

शेवटाबद्दल वेगळं विचारा. रेडेलमायर आणि कानेमन या संशोधकांनी 1996मध्ये आतड्याच्या दुर्बीण तपासणीतल्या रुग्णांकडून मिनिटामिनिटाला वेदना नोंदवून घेतली. नंतर लोकांच्या आठवणीत राहिला तो सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं. आपल्याकडे शेवट म्हणजे डिस्चार्जचा दिवस: सकाळी राऊंडला ‘आज घरी’, आणि कागद हातात संध्याकाळी. तो दिवस वाईट गेला तर आधीचे दहा दिवसही वाईट ठरतात. म्हणून मधले दिवसही नावानिशी विचारा, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून.

मध्येच कुणी म्हणेल, ‘मॅडम, तुम्ही डॉक्टरांशी बोला ना.’ आपण डॉक्टर नाही, ओळखीचेही नाही, हे लगेच सांगा. पण हात झटकू नका. माझ्या वहीच्या मागच्या पानावर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची वेळ आणि खोली क्रमांक असतो, आणि फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र कुठे बसतात तेही. माणूस रडला तर रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, पुढचं त्यानं ठरवायचं. घरातलं माणूस गेलेलं असेल तर दिवसकार्य होईपर्यंत फोनसुद्धा नको. मी तीन-चार महिने थांबते, आणि वर्षश्राद्धाचा महिना टाळते.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा तास लागतात. मालवणी, अहिराणी, बंबैया हिंदी असं मिसळलेलं बोलणं मोबाईलमधलं यंत्र काहीच्या बाही लिहितं. मी शब्द आहेत तसेच ठेवते, आणि मुद्दे मराठीतच काढते. इंग्रजी अहवालाची घाई झाली की ‘त्यांनी हाय खाल्ली’ आणि ‘जीव घाबरा झाला’ या दोन्हींच्या जागी एकच शब्द येऊन बसतो. एक बाई खचल्या होत्या, दुसऱ्यांना श्वास घेता येत नव्हता. तक्त्यात दोघी एका रकान्यात.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. ‘लालबागची, तीन मुली, नवरा बेस्टमध्ये कंडक्टर’ एवढ्यावर आमच्या चाळीत कुणीही बोट दाखवेल. मुली दोन करा, बेस्टच्या जागी दुसरी नोकरी द्या.

मग जे ऐकलं ते रुग्णांकडे आणि कर्मचाऱ्यांकडे, दोन्हीकडे परत न्या. इंग्लंडमध्ये पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट या संशोधकांनी ल्यूटनच्या रुग्णालयात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना एका टेबलाशी बसवून सेवा बदलायला लावली होती. आमच्याकडे तेवढा थाट जमला नाही. आम्ही दुपारच्या ड्युटीआधी सिस्टरांना अर्धा तास कहाण्या ऐकवल्या. पहिली दहा मिनिटं त्यांचे हात छातीवर बांधलेले होते. मग एक म्हणाल्या, ‘रात्री साठ पेशंटला आम्ही दोघी. हे पण लिहा.’ लिहिलं. तीन चिठ्ठ्यांची गोष्ट ऐकून मात्र त्याच सिस्टरांनी नातेवाइकांनी आणलेली इंजेक्शनं ठेवायला खाटेच्या नंबरांचे डबे केले. दुधाच्या पावडरचे रिकामे डबे, वर चिकटपट्टी.

काळाचौकीच्या दादांना त्यांची मुलाखत मी घरी जाऊन वाचून दाखवली. असं प्रत्येकाला विचारावं, ऐकायचंय का म्हणून. सगळे हो म्हणत नाहीत. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, ‘ताई, बाकी बरोबर आहे. पण तिसरा मजला लिहिलात तुम्ही. वॉर्ड चौथ्यावर होता. एक जिना खाल्लात.’