स्वाइप होणारे टॅब बनवताना या चुका टाळा

टॅबवर टॅप केलं की पान बदलतं, पान सरकवलं की टॅब बदलतो. दिसायला एवढंच काम. म्हणून नवशिके ते अर्ध्या तासात उरकतात, फोनवर चार वेळा इकडून तिकडे सरकवून बघतात आणि पुढच्या कामाला लागतात. चुका नंतर डोकं वर काढतात: फोन आडवा केल्यावर, ॲप मागे जाऊन तासाभराने परत उघडल्यावर, मधलाच एखादा टॅब काढून टाकल्यावर. इथे लिहिलेलं अँड्रॉइडबद्दल आहे, आणि बरंचसं व्ह्यूपेजर२ (पानं सरकवणारा पेजर), टॅबलेआउट (वरची टॅबची पट्टी) आणि फ्रॅगमेंट-स्टेट-ॲडॅप्टर (पेजरला पानं पुरवणारा) या त्रिकुटाबद्दल.

आधी एक गोष्ट निकालात काढू. व्ह्यूपेजर२ची स्थिर आवृत्ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. नव्या स्क्रीनसाठी जुना व्ह्यूपेजर घ्यायला आता एकही कारण उरलेलं नाही. तरीही जुन्या ट्युटोरियलमधून उचललेलं 'सेटअप-विथ-व्ह्यूपेजर' हे टॅब आणि पेजर जोडणारं फंक्शन रोज कुठेतरी दिसतंच. ते जुन्यासाठी आहे. नवा पेजर आतून रीसायकलरव्ह्यूवर (लांब यादीतले व्ह्यू पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या घटकावर) उभा आहे. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या निम्म्या चुकांची कारणं आपोआप कळतील.

फ्रॅगमेंटची यादी हातात धरून बसणं

सगळ्या चुकांची आई ही. ॲक्टिव्हिटीत (म्हणजे ॲपच्या एका स्क्रीनमध्ये) तीन फ्रॅगमेंट (स्क्रीनचे स्वतंत्र तुकडे, इथे प्रत्येक टॅबचं पान) बनवायचे, त्यांची एक लिस्ट करायची, ती ॲडॅप्टरला द्यायची आणि 'क्रिएट-फ्रॅगमेंट'मध्ये लिस्टमधला त्या जागेचा फ्रॅगमेंट परत करायचा. वाचायला सुटसुटीत. वर सोय अशी की लिस्ट आपल्याच हातात असल्यामुळे टूलबारवरचा फिल्टर बदलला की लिस्टमधल्या प्रत्येक फ्रॅगमेंटवर थेट 'फिल्टर लावा' असं फंक्शन बोलावता येतं. इथेच पाय घसरतो.

हा घोळ दर वेळी त्याच क्रमाने उलगडतो. टीममधल्या कुणाच्याच फोनवर काही होत नाही. ॲप बाजारात जातं आणि क्रॅश रिपोर्टमध्ये एक ओळ वारंवार येऊ लागते: फ्रॅगमेंट कॉन्टेक्स्टला (म्हणजे चालू स्क्रीनला) जोडलेला नाही, किंवा 'लेटइनिट' (किंमत नंतर देऊ म्हणून ठेवलेल्या) बाइंडिंगला अजून किंमतच दिलेली नाही. मग कुणीतरी शहाणा त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'जोडलेला नसेल तर परत जा' अशी अट टाकतो. क्रॅश थांबतो, सगळे खूश. चार दिवसांनी तक्रार येते, फिल्टर चालत नाही. ती पडताळून पाहिली तर फिल्टर पहिल्या दोन टॅबवर चालत नाही, तिसऱ्यावर मात्र चालतो! आता दोष सर्व्हरला दिला जातो, मग कॅशला, मग फोन बनवणाऱ्या कंपनीला.

खरं काय झालेलं असतं ते पाहा. वापरणाऱ्याने पहिले दोन टॅब उघडले, मग फोन आला आणि तो तिकडे गेला. सिस्टीमने मेमरीसाठी ॲपची प्रोसेस मारली. तो परत आला तेव्हा ॲक्टिव्हिटी नव्याने उभी राहिली आणि तिने आपली लिस्ट पुन्हा बनवली, म्हणजे तीन कोरे फ्रॅगमेंट. पण फ्रॅगमेंट मॅनेजरने आधी उघडलेले दोन स्वतःच पुन्हा जिवंत केले होते. ॲडॅप्टर जपलेली स्थिती वाचतो, ते दोन सापडले की तेच पडद्यावर ठेवतो, आणि त्यांच्यासाठी 'क्रिएट-फ्रॅगमेंट' बोलावतच नाही. लिस्टमधले पहिले दोन मग कुठेच जोडलेले नसतात. तुम्ही फिल्टर लावता तो या भुतांना, पडद्यावरच्यांना नव्हे. तिसरा टॅब आधी उघडलेलाच नव्हता, म्हणून त्याच्यासाठी 'क्रिएट-फ्रॅगमेंट' बोलावलं गेलं, लिस्टमधला तिसरा जोडला गेला आणि फिल्टर तिथे बरोबर चालला. ती शहाणी अट टाकून क्रॅश फक्त मुका केला.

दुरुस्तीत तडजोड नको. 'क्रिएट-फ्रॅगमेंट' दर वेळी नवा फ्रॅगमेंट बनवून देईल, आणि तो कुणीही कुठेही साठवून ठेवणार नाही. फिल्टरसारखी सामाईक गोष्ट ॲक्टिव्हिटीच्या व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या वस्तूत) ठेवा. टॅब एखाद्या फ्रॅगमेंटच्या आत असतील तर त्या पालक फ्रॅगमेंटच्या व्ह्यूमॉडेलमध्ये. प्रत्येक पान तिथून ऐकतं, तेही 'व्ह्यू-लाइफसायकल-ओनर'वर, म्हणजे पानाचा व्ह्यू जिवंत असेपर्यंतच. पानाला सुरुवातीला काही द्यायचं असेल तर ते आर्ग्युमेंट बंडलमधून द्या. कन्स्ट्रक्टरमधून दिलंत तर सिस्टीम फ्रॅगमेंट पुन्हा बनवताना रिकामा कन्स्ट्रक्टर शोधते, आणि तो न सापडल्यामुळे ॲप तिथेच पडतं.

टॅगचा एक जुगाडही फार लोकप्रिय आहे: फ्रॅगमेंट मॅनेजरला 'एफ' अक्षर आणि पुढे पानाचा आयडी असा टॅग देऊन पान शोधायचं. चालतो. पण तो टॅग म्हणजे ॲडॅप्टरने स्वतःपुरती केलेली खूण आहे, तुम्हाला दिलेलं वचन नाही. शिवाय पान अजून उघडलंच नसेल तर हाती काहीच लागत नाही, आणि मग पुन्हा तीच 'नसेल तर परत जा'ची अट येते.

ही चूक घरच्या घरी पकडता येते. दोन टॅब उघडा, होम बटण दाबा, संगणकावरून 'एडीबी शेल एएम किल' ही आज्ञा पॅकेजच्या नावासह द्या आणि 'रीसेंट्स'मधून ॲप परत उघडा. होम आधीच दाबायचं, कारण ही आज्ञा मागे गेलेलीच प्रोसेस मारते. सेटिंगमधून 'फोर्स स्टॉप' केलंत तर ही चाचणी होत नाही, त्यात जपलेली स्थितीही जाते. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' फक्त ॲक्टिव्हिटी मोडतं, प्रोसेस नाही. तरी ते कायम चालू ठेवलेलं बरं. टॅबच्या स्क्रीनवर हात घातला की ही चाचणी केल्याशिवाय काम पुढे सरकवायचं नाही.

मधला टॅब काढला आणि पानं घसरली

टॅब ठरलेले असतील तर हा भाग सोडून द्या. सर्व्हरवरून येत असतील किंवा वापरणाऱ्याला ते काढता-लावता येत असतील तर मात्र नीट वाचा.

समजा चार टॅब आहेत: नवीन, चालू, पूर्ण, रद्द. 'चालू' काढला, लिस्टमध्ये तीन उरले, ॲडॅप्टरला 'डेटा बदलला' असं कळवलं. वरची शीर्षकं बरोबर बदलतात: नवीन, पूर्ण, रद्द. पण 'पूर्ण'च्या खाली अजून 'चालू'चंच पान दिसतं आणि 'रद्द'च्या खाली 'पूर्ण'चं.

ॲडॅप्टर पानं ओळखतो आयडीवरून, आणि तुम्ही काही सांगितलं नसेल तर आयडी म्हणजे पानाची जागा. आधी ०, १, २, ३ होते, आता ०, १, २ आहेत. त्याच्या दृष्टीने ३ गेला, म्हणजे 'रद्द'चा फ्रॅगमेंट. १ आणि २ तर जागेवरच आहेत, मग तो ते कशाला बदलेल? एखादं पान आधीच मेमरीतून गेलेलं असेल तर गंमत आणखी वेगळी: फ्रॅगमेंट नवा बनतो, पण त्याला त्या आयडीखाली जपलेली दुसऱ्याच पानाची स्थिती मिळते.

यावरचा सर्वात प्रसिद्ध शॉर्टकट म्हणजे दर बदलाला अख्खा ॲडॅप्टरच नवा लावणं. त्याने सगळी पानं पुन्हा लोड होतात आणि वापरणारा पहिल्या टॅबवर फेकला जातो. हा उपाय धरायचाच नाही.

खरी दुरुस्ती दोन फंक्शनांची आहे. 'गेट-आयटम-आयडी'मधून त्या टॅबचा स्वतःचा, जागेशी संबंध नसलेला आयडी द्या, आणि 'कंटेन्स-आयटम'मध्ये तो आयडी सध्याच्या लिस्टमध्ये आहे की नाही ते सांगा. दोन्ही. एकटं पहिलं लिहून थांबलात तर दुसरं आपलं जुनंच गणित करतं, म्हणजे ० ते एकूण संख्या यांच्या दरम्यान आयडी आहे का ते बघतं. तुमचा ५०१२ त्यात बसत नाही, म्हणून ॲडॅप्टर ते पान अस्तित्वात नाही असं समजून त्याची स्थिती टाकून देतो. आयडी डेटाबेसमधला घ्या किंवा प्रत्येक प्रकाराला हाताने एक आकडा ठरवून द्या. शीर्षकाचा हॅशकोड नको, ॲपची भाषा बदलली की तो बदलतो. ॲप चालू झाल्यापासून वाढत जाणारा काउंटरही नको, कारण प्रोसेस मारली जाऊन परत आल्यावर त्याच टॅबला तोच आयडी मिळायला हवा.

अर्ध्या मिनिटात सुटणाऱ्या

टॅब आणि पेजर यांना जोडणारा 'टॅबलेआउट-मीडिएटर' ॲटॅच करण्याआधी पेजरला ॲडॅप्टर लावा. उलट केलंत की क्रॅश. दोनदा ॲटॅच केलंत तरी क्रॅश.

लेआउट फाइलमध्ये हाताने लिहिलेले टॅब मीडिएटर पुसून टाकतो आणि ॲडॅप्टरच्या संख्येप्रमाणे नवे भरतो. त्यामुळे आयकॉन, शीर्षक सगळं मीडिएटरला दिलेल्या फंक्शनमध्येच लावायचं.

फ्रॅगमेंटऐवजी साधा रीसायकलर ॲडॅप्टर वापरताना पानाच्या मूळ व्ह्यूची रुंदी आणि उंची दोन्ही 'मॅच-पॅरेंट' हवी. नसेल तर पेजर एरर देऊन पडतो, आणि एररमध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचायचे कष्ट घ्या.

'सेट-करंट-आयटम' ॲडॅप्टर लावायच्या आधी किंवा लिस्ट रिकामी असताना बोलावलं तर काहीच होत नाही, एररही येत नाही. नोटिफिकेशनवरून थेट तिसरा टॅब उघडायचा असेल तर आधी लिस्ट भरा, मग बोलवा, आणि सरकण्याचं ॲनिमेशन बंद ठेवा.

टॅब चारपेक्षा जास्त किंवा शीर्षकं लांब असतील तर टॅबलेआउटचा मोड 'स्क्रोलेबल' करा. 'फिक्स्ड'मध्ये शब्द कोंबून फॉन्ट बारीक करत बसू नका.

सगळी पानं आधीच लोड करण्याची घाई

'ऑफस्क्रीन-पेज-लिमिट'ला टॅबची संख्या देऊन टाकायची, म्हणजे सरकवताना थांबावं लागत नाही. नवशिक्यांना हे फार आवडतं, कारण त्यांच्या वेगवान फोनवर ते छान दिसतं. प्रत्यक्षात पाच टॅब असतील तर पहिला टॅब उघडण्याआधीच पाचही पानांचे व्ह्यू बनतात, पाचही नेटवर्क कॉल सुटतात आणि साधा फोन तिथेच अडखळतो. लिमिट दिलंच नाही तर ठरवायचं काम रीसायकलरव्ह्यूकडे राहतं, आणि बहुतेक वेळा तेच बरं. ० मात्र देऊ नका, पेजर तो आकडा स्वीकारत नाही, अपवाद फेकतो.

डेटा आणायची जागाही इथेच चुकते. पडद्यावरचं पान 'रिझ्यूम्ड' असतं, शेजारी तयार असलेली पानं 'स्टार्टेड'वर थांबतात. पान दिसल्यावरच डेटा हवा म्हणून कॉल 'ऑन-रिझ्यूम'मध्ये टाकला की तो दर स्वाइपला नव्याने जातो. 'ऑन-रिझ्यूम'मधून फक्त इशारा द्या. आणायचं की नाही ते व्ह्यूमॉडेलला ठरवू द्या, आणलेलं असेल तर ते गप्प बसेल.

स्वाइपच्या आत स्वाइप

पानात आडवी सरकणारी यादी, नकाशा किंवा वेबव्ह्यू असेल तर बोट कुणाचं यावरून भांडण होतं. पेजरच्या दिशेनेच सरकणारा व्ह्यू आत असेल तर व्ह्यूपेजर२ ते आपणहून सांभाळत नाही. त्या व्ह्यूभोवती एक छोटा फ्रेमलेआउट लावावा लागतो. बोट टेकलं की तो वरच्यांना 'मध्ये पडू नका' असं सांगतो. बोट थोडं सरकल्यावर दिशा बघतो. आतला व्ह्यू त्या दिशेला अजून सरकू शकत असेल तर धरून ठेवतो, टोकाला पोहोचला असेल तर पेजरला सोडून देतो. गुगलच्या नमुना कोडमध्ये 'नेस्टेड-स्क्रोलेबल-होस्ट' नावाने तो तयार मिळतो. त्याच्या आत एकच थेट मूल ठेवायचं.

नकाशाच्या पानावर हे करत बसण्यापेक्षा 'यूजर-इनपुट-एनेबल्ड' खोटं करून तेवढ्यापुरता स्वाइप बंद करावा. टॅबवर टॅप करून जाता येतंच. रिफ्लेक्शनने (आतल्या खासगी फील्डला नावाने शोधून हात घालत) पेजरच्या पोटातला रीसायकलर काढून त्याची संवेदनशीलता कमी करणारा कोड मात्र घेऊ नका. रिलीज बिल्डमध्ये कोड आकसताना आतल्या फील्डचं नाव बदललं की तो कोसळतो, आणि डीबग बिल्डमध्ये ते कधीच दिसत नाही.

फ्रॅगमेंटच्या आत टॅब

ॲडॅप्टरला ॲक्टिव्हिटी देऊ नका. 'चाइल्ड-फ्रॅगमेंट-मॅनेजर' आणि 'व्ह्यू-लाइफसायकल-ओनर'चा लाइफसायकल द्या. 'ऑन-डिस्ट्रॉय-व्ह्यू'मध्ये मीडिएटर डिटॅच करून पेजरचा ॲडॅप्टर नल करा, नाहीतर जुना व्ह्यू मेमरीत अडकून राहतो. ॲडॅप्टर फ्रॅगमेंटच्या फील्डमध्ये ठेवून पुन्हा वापरायचाही नाही. बॅकस्टॅकवरून (मागच्या स्क्रीनच्या थप्पीवरून) परत आल्यावर 'ॲडॅप्टर ताजा असायला हवा होता' अशा अर्थाचा एरर येतो तो नेमका यामुळे.

कंपोजमध्ये

कंपोज म्हणजे अँड्रॉइडची स्क्रीन थेट कोडमधून लिहायची नवी पद्धत. फ्रॅगमेंटचा ताप इथे नाही, पण लोक नवा शोधून काढतात: निवडलेल्या टॅबसाठी वेगळा स्टेट ठेवायचा आणि तो पेजरस्टेटशी (पेजर कोणत्या पानावर आहे ते सांगणाऱ्या वस्तूशी) दोन इफेक्ट (बदल झाला की चालणारे कोडचे तुकडे) लावून जुळवत राहायचा. मग पहिल्यावरून पाचव्या टॅबवर टॅप केलं की निवडलेल्या टॅबखालची रेघ मध्येच थबकते किंवा मागे येते, कारण दोन्ही इफेक्ट एकमेकांना ओढत असतात. वेगळा स्टेट काढून टाका. निवडलेला टॅब म्हणजे 'पेजरस्टेट'चं 'करंट-पेज', आणि टॅप झाला की कोरूटीनमधून 'ॲनिमेट-स्क्रोल-टू-पेज'. पान पाहिल्याची नोंद करायची असेल तर मात्र 'सेटल्ड-पेज' घ्या. 'करंट-पेज' बोट अजून टेकलेलं असतानाच, अर्धं पान सरकल्याबरोबर बदलतं, आणि लांब उडीत मधल्या पानांचीही नावं त्यात येऊन जातात.