म्हापशाच्या मिलाग्रीस फेस्ताला घरच्यांना घेऊन जायचं असेल तर

ईस्टरचा रविवार गेला की पंधरा दिवसांनी जो सोमवार येतो त्या दिवशी गोव्यात म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे चर्चमधल्या मेरी मातेचं, फेस्त (सण) असतं. ईस्टर दरवर्षी हलतो त्यामुळे आधी कॅलेंडर बघा, २०२५ ला ईस्टर २० एप्रिलला होता आणि फेस्त ५ मेला. आमच्या डिचोली बाजूची कितीतरी हिंदू घरं या फेस्ताला जातात, आणि पोरांना लहानपणीच न्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून आम्ही कसं करतो ते लिहितेय.

आदल्या रात्री मुलांना सात देवी बहिणींची गोष्ट सांगून ठेवा. त्यातल्या शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरज्याची मोरजाय, आणि म्हापशाची मिराबाय म्हणजे हीच मिलाग्रीस. गोष्ट माहीत असली की मुलं चर्चमध्ये बुजत नाहीत. आमचा धाकटा रांगेत उभ्या उभ्या मोठ्याने "लईराईची बहीण कुठाय?" म्हणाला, तर पुढची म्हातारी ख्रिश्चन बाई वळली, हसली आणि त्याचा हात धरून "चल बाबा, दाखयतां" म्हणत त्याला सायबिणीपुढे घेऊन गेली.

तेल आणि फुलं घरूनच घ्या. लईराई आणि मिलाग्रीस या बहिणी एकमेकींना मोगरा आणि तेल पाठवतात असं आमच्याकडे सांगतात, म्हणून सासूबाई दोन्ही नेतात. तेलाच्या बाटलीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून वरून झाकण घट्ट लावा, एकदा आमची बाटली पिशवीत सांडली आणि मोगऱ्याची माळ, रुमाल, बसचे सुट्टे पैसे सगळंच तेलात न्हालं. मेणबत्त्या बाहेर मिळतात, मेणाचे हात-पाय पण मिळतात, ज्याचा जसा नवस. पेटलेली मेणबत्ती मात्र लहान मुलाच्या हातात गर्दीत देऊ नका.

सकाळी लवकर निघा कारण एप्रिल-मेचं ऊन अंगावर येतं आणि म्हाताऱ्या माणसांना रांग झेपत नाही. गाडी चर्चपर्यंत न्यायचा हट्ट सोडा, लांब लावून चालत जा नाहीतर सरळ कदंब बसने या. मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका आणि हरवलो तर कुठे थांबायचं ते आधीच ठरवा. २०२५ च्या लईराईच्या जत्रेत शिरगावात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हापासून मी रांग कडेच्या बाजूने धरते आणि ढकलाढकली सुरू झाली की मुलांना घेऊन सरळ बाहेर पडते, दर्शन तासाभराने झालं तरी चालतं.

आत गेल्यावर खांदे झाकलेले कपडे, फोन सायलेंट. मिलाग्रीसचं हे चर्च मुळात सां जेरोनिमो या संताच्या नावाचं, पहिल्यांदा १५९४ साली बांधलेलं, मुलांना ते पण सांगा. मिस म्हणजे चर्चची प्रार्थना चालू असेल तर मागे शांत उभं राहायचं, आणि शेवटाकडे सगळे ओस्ती (पवित्र भाकरीची चकती) घ्यायला रांग लावतात त्या रांगेत आपण जायचं नाही. मुलांना ते प्रसाद वाटतात तसंच वाटतं आणि ती धावतात, म्हणून हे आधीच समजावून सांगा, तो त्यांच्या धर्मातला पवित्र विधी आहे आणि त्याचा मान आपण ठेवायचा.

मग फेरी, म्हणजे फेस्ताचा बाजार. घरात कोणी लईराईचं व्रत धरलेला भक्त, म्हणजे धोंड, असेल तर त्याचं खाणं सोवळ्यातलं, त्याच्यासमोर बाहेरचं खायला बसू नका. बाकीच्यांनी खाजें घ्यायचंच. बेसनाच्या कांड्या आल्याच्या गुळपाकात घोळवलेल्या, वरून तीळ, चांगलं खाजें मोडताना कट्ट वाजतं आणि आल्याचा झणका नाकात जातो. खाजेकाराला एक कांडी मोडून दाखवायला सांगा, वाकली तर पुढच्या दुकानात जा. फेरी त्या एका दिवसापुरती नसते, त्यामुळे मडकी, लाकडी सामान असली जड खरेदी सासूबाईंना सोबत घेऊन त्याच दिवशी करू नका, पुढच्या एखाद्या संध्याकाळी या. खाजें मात्र घरी आल्या आल्या स्टीलच्या डब्यात भरा, मेच्या दमट हवेत कागदात राहिलं तर दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होतं.