प्रदर्शनासाठी पर्शियन पिल्लू निवडताना केसांआधी हाडे पाहा

प्रदर्शनात उतरवण्यासाठी पर्शियन मांजराचे पिल्लू घ्यायचे आहे असे कोणी म्हणाले की मी आधी पिल्लाचे वय विचारते, आणि उत्तर ‘सहा आठवडे’ असे आले तर थोडे थांबा एवढेच सांगते. त्या वयाचे जवळजवळ प्रत्येक पर्शियन पिल्लू चपट्या चेहऱ्याचे आणि कापसाच्या गोळ्यासारखे दिसते, आणि भाबडे ग्राहक त्याच दिसण्याला भुलतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘एक्स्ट्रीम पंच’, ‘ट्रिपल कोट’ हे चेहऱ्याचा चपटेपणा आणि केसांची दाटी सांगणारे शब्द बाजारातले आहेत आणि परीक्षकाच्या निकषांत ते सापडत नाहीत. अमेरिकेतील कॅट फॅन्सियर्स असोसिएशनच्या, म्हणजे सीएफएच्या, पर्शियन मानकात, म्हणजे या जातीचे मांजर कसे असावे याच्या लेखी कसोटीत, 100 पैकी 30 गुण डोक्याला आहेत, ज्यात डोळ्यांचा आकार आणि कानांची ठेवणही येते. शरीराच्या ठेवणीला 20, रंगाला 20, डोळ्यांच्या रंगाला 10, समतोल आणि रेखीवपणा यांना मिळून 10, आणि ज्या कोटासाठी, म्हणजे अंगावरच्या केसांसाठी, लोक वेडे होतात त्याला अवघे 10. ज्या संघटनेच्या प्रदर्शनात उतरायचे असेल तिचे मानक घरी वाचूनच पैदासकाराकडे जावे.

पहिली पायरी कागदपत्रांची आहे. नोंदणीकृत वंशावळ मागावी, आईबाप प्रत्यक्ष पाहावेत, आणि दोघांच्याही पीकेडीच्या डीएनए चाचणीचा अहवाल पाहावा. पीकेडी म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग. पर्शियनमध्ये तो जुना आहे आणि आईबापांपैकी एकात सदोष जनुक असेल तर प्रत्येक पिल्लात ते उतरण्याची शक्यता निम्मी असते. ‘आमच्या मांजरांना कधी काही झाले नाही’ हे उत्तर मान्य करू नये, कारण या रोगाची लक्षणे बहुधा मांजर वयात आल्यानंतर कित्येक वर्षांनी दिसतात.

आता डोके. येथेच मी फसले होते, त्यामुळे याविषयी सविस्तर लिहिते. माझा पहिला क्रीम रंगाचा बोका मी दोन महिन्यांचा असताना घेतला. एका वेतातल्या चार पिल्लांत त्याचाच चेहरा सर्वांत चपटा होता आणि तेवढ्यावरच मी निर्णय घेतला. दुधाचे दात पडून कायमचे दात आले तेव्हा खालचा जबडा पुढे आला आणि एका बाजूला कलला. परीक्षकांनी त्याचे तोंड समोरून एकदाच पाहिले आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. तेव्हापासून साडेतीन महिन्यांच्या आतील पिल्लावर मी अंतिम मत देत नाही. सीएफएच्या पिल्लांच्या वर्गात चार ते आठ महिने वयाचीच पिल्ले उतरतात, त्यामुळे लवकर घेऊन प्रदर्शनाच्या दृष्टीने काहीही साधत नाही.

पिल्लू टेबलावर ठेवून स्वतः खाली बसावे आणि ते नजरेच्या रेषेत आणून बाजूने पाहावे. कपाळ, नाक आणि हनुवटी उभ्या एका रेषेत असावीत. हनुवटी मागे पडलेली असेल तर बाकी सगळे सुरेख असूनही ते पिल्लू सोडावे. नाकाची खोबण, म्हणजे नाक कपाळाला मिळते तिथला खळगा, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध असावी. ती फार वर सरकणे म्हणजे ‘जास्त चांगले’ असा समज आपल्याकडे पसरला आहे, तो मला मुळीच मान्य नाही. ब्रिटनच्या जीसीसीएफ या संस्थेच्या मानकात तर नाकाच्या बिनकेसांच्या टोकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर गेली की तो दोष ठरतो. नाकपुड्या उघड्या हव्यात. शांत बसलेले पिल्लू घोरल्यासारखा आवाज करत असेल किंवा त्याच्या डोळ्यांतून सतत पाणी गळत असेल, तर आपण प्रदर्शनाचे पदक नव्हे, पशुवैद्यकाची बिले विकत घेत आहोत असे समजावे.

मग ओठ हलकेच उचलून दात समोरून पाहावेत. वरच्या आणि खालच्या दातांच्या रांगा एकमेकींना समांतर हव्यात, एकीकडे कललेल्या नकोत. कान लहान, टोकाला गोल, एकमेकांपासून दूर आणि डोक्यावर खाली बसलेले असावेत. डोळे मोठे, गोल आणि एकमेकांपासून लांब हवेत. पैदासकाराची हरकत नसेल तर ओलसर हातांनी डोक्यावरचे आणि मानेवरचे केस मागे दाबावेत, कारण फुगलेली आयाळ उंच कान आणि अरुंद कवटी दोन्ही सहज लपवते. शक्य असल्यास दोन आठवड्यांनी पुन्हा जाऊन त्याच उंचीवरून बाजूचा फोटो घ्यावा आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवावा. ज्या पिल्लाचा चेहरा या काळात टिकला, त्याचाच विचार करावा.

बाकीचे सोपे आहे. शरीर आखूड, रुंद आणि पाय बुटके असावेत. शेपटीवरून बोट फिरवून गाठ किंवा वाक नाही याची खात्री करावी आणि पंजांची बोटे मोजावीत. बोका असेल तर मोठेपणी दोन्ही वृषणे उतरलेली असणे आवश्यक असते, म्हणून पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. एकरंगी पिल्लाच्या अंगावरचे पुसट पट्टे किंवा पांढऱ्या पिल्लाच्या डोक्यावरचा रंगीत डाग बहुधा वाढीबरोबर जातो, आणि डोळ्यांचा तांबूस रंग पक्का व्हायला कित्येक महिने लागतात.

स्वभावाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. परीक्षक अनोळखी असतो, मांजर उचलतो, ताणून धरतो, खेळणे दाखवतो, आणि मंडपात माणसांचा गोंगाट असतो. म्हणून पिल्लू पैदासकाराच्या हातातून आपल्या हातात घ्यावे आणि कोणाला तरी शेजारी भांडे आपटायला सांगावे. ते दचकले तर हरकत नाही, पण क्षणभरात सावरून पुन्हा इकडेतिकडे पाहू लागले पाहिजे.

व्यवहाराच्या वेळी ‘हमखास शो क्वालिटी’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नकार द्यावा. साडेतीन महिन्यांच्या पिल्लाविषयी प्रामाणिक पैदासकार फार तर आशा आहे असे म्हणतो. लसींच्या नोंदी हातात घेऊनच पिल्लू घरी आणावे. आणि एवढे करूनही जबडा फिरला, तर अनेक प्रदर्शनांत घरगुती मांजरांचा वेगळा वर्ग असतो, त्यात जातीचे मानक लावत नाहीत. माझा क्रीम बोका नसबंदीनंतर त्याच वर्गात उतरला आणि परीक्षकाच्या हातावरच झोपी गेला.